कोतवाल बुक आणि स्नानसंस्काराची नोंदवही

अकोल्याहून वाशिमकडे जाताना, जेथे वऱ्हाडचे काळे सपाट रान संपून अजिंठ्याच्या डोंगररांगेची चढण लागते, तेथे पातूर हे गाव वसले आहे. गावालगतच्या टेकडीत कोरलेल्या लेण्यांमुळे, शेख बाबूंच्या दर्ग्यामुळे आणि रेणुकामातेच्या मंदिरामुळे जुन्या गॅझेटिअरकारांनाही या गावाची दखल घ्यावी लागली. इंग्रजी अमदानीत हे गाव बाळापूर तालुक्यात मोडत असे. आज ते स्वतः तालुक्याचे ठिकाण आहे. लेणी, दर्गा आणि देऊळ हा झाला पातूरचा दगडात राहिलेला इतिहास. त्याचा दुसरा इतिहास कागदात आहे. तो पाहायला कोणी प्रवासी येत नाही, परंतु तहसिलीच्या दारात त्यासाठी रोज माणसे उभी असतात. वऱ्हाडी माणूस त्या कागदाला 'कोतवाल बुक' म्हणतो.

ज्या वाचकांचा वऱ्हाडशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगावच्या जन्ममृत्यूंची गणना सुरू झाली. गावात मूल जन्मले किंवा माणूस दगावले की कोतवालाने वर्दी द्यावी आणि ती वहीत चढावी, अशी ही रीत होती. वऱ्हाडात हे काम बहुतेक ठिकाणी महार समाजातील माणसाकडे असे. ज्याला घराच्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, त्यालाच त्या घरातील पाळणा आणि तिरडी यांची खबर सर्वांआधी ठेवावी लागे! त्याने बाहेरून विचारावे, आतून कोणी सांगावे, आणि लिहिणाऱ्याने लिहावे: तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी. बारसे व्हायच्या आतच वर्दी गेलेली असल्याने बाळाचे नाव पुष्कळदा नसेच. अमक्याला मुलगा झाला, तमक्याला मुलगी झाली, एवढ्यावर नोंद संपे. मृत्यूच्या नोंदीत कारण असे: ताप, पटकी, देवी, प्लेग.

ही गणना कशासाठी होती, हे लक्षात घेतले पाहिजे. सरकारला माणसे हवी नव्हती, आकडे हवे होते. पटकीची साथ कोणत्या तालुक्यात किती फैलावली, देवी टोचण्याचा उपयोग किती झाला, हे पाहण्यासाठी आरोग्यखात्याला बेरजा लागत. बेरीज वर गेली की वहीचे काम सरले. त्या वहीतील जातीच्या रकान्यावर पुढे शंभर वर्षांनी पणतवांचे शिक्षण आणि नोकरी ठरेल, हे लिहिणाऱ्याच्या स्वप्नीही आले नसेल, आणि बाळंतिणीच्या घरच्यांच्या तर नाहीच नाही. त्यांनी सांगितले ते सरकारी माणसाने विचारले म्हणून.

आज हीच वही वऱ्हाडात सर्वांत मोलाचा कागद होऊन बसली आहे. जातीचा दाखला, त्याची पडताळणी, वारसाचा वाद, कशालाही कोतवाल बुकाची नक्कल हवी. सप्टेंबर २०२३मध्ये राज्य शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. आरंभी तिचे काम मराठवाड्यापुरते होते, पुढे ते सर्व राज्याला लागू झाले. कुणबी नोंदी शोधण्यासाठी जन्ममृत्यूच्या जुन्या वह्या, महसुली कागद, शाळांची रजिस्टरे, मोडी आणि उर्दू दप्तरे उघडली गेली. पन्नास लाखांहून अधिक नोंदी सापडल्याचे शासनाने सांगितले. सापडलेली पाने स्कॅन होऊन अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवण्यात आली. ज्याला आपल्या आजोबा-पणजोबांचे नाव त्यात गवसले, त्याच्या हाती हक्काचे साधन आले, आणि त्याचा आनंद आम्ही आमच्या ओळखीच्या घरांतून पाहिला आहे. त्यावर आमचा आक्षेप नाही. आमचे म्हणणे पानाविषयी आहे. गावच्या वहीत एका पानावर एकाच घराची नोंद कधीच नसते. एका कुटुंबाची ओळ दाखवण्यासाठी पान उघडले की वरच्या आणि खालच्या दहा घरांच्या ओळीही उघडतात. कोणाच्या घरी लागोपाठ तीन मुली गेल्या, कोणती जात त्या काळी कोणत्या नावाने लिहिली जाई, जे नाव आज उच्चारले तरी शिवी ठरते, हे सारे जगासमोर येते. त्या दहा घरांना कोणी विचारलेले नसते.

आम्हां धर्मगुरूंना हा प्रश्न परका नाही. कारण आमच्याही कपाटात एक वही असते, आणि ती कोतवाल बुकाहून फार जुन्या घराण्यातली आहे.

त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५६३ साली धर्मग्रामाच्या धर्मगुरूंनी विवाहाच्या नोंदी ठेवाव्यात असा दंडक घालून दिला, आणि स्नानसंस्काराच्या वेळी धर्मआईबापांची नावे वहीत लिहिण्याची आज्ञा केली. पुढे १६१४ साली पोप पाचवे पॉल यांनी रोमन विधिग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात नोंदीचे नमुनेच दिले आहेत. सेमिनरीत असताना हे नमुने आम्ही कंटाळत वाचले होते. सेवेत आल्यावर त्यातील एका ओळीचे महत्त्व कळले. मूल विवाहबंधनाबाहेर जन्मले असेल, तर आईबापांपैकी जे निश्चितपणे ठाऊक असेल त्याचे नाव लिहावे, मात्र अपकीर्तीचा प्रत्येक प्रसंग टाळावा. दोघांपैकी कोणीच ठाऊक नसेल, तर आईबाप अज्ञात असलेल्या बालकास स्नानसंस्कार दिला, एवढेच लिहावे. असा तो नियम आहे. चारशे वर्षांपूर्वी, ज्या युरोपात अशा मातांना भर चौकात लाजवले जाई, त्याच युरोपात लिहिणाऱ्या हाताला ही ताकीद दिली गेली. ती सर्वत्र पाळली गेली असे मात्र आम्ही म्हणणार नाही. गोव्याच्या जुन्या वह्यांत 'पाय इंकॉग्नितू', म्हणजे बाप अज्ञात, हे दोन शब्द आढळतात, आणि तो शेरा त्या माणसाबरोबर त्याच्या लग्नापर्यंत चालत जाई. शेरा सत्य होता. परंतु तो वागवावा लागे तो बाळाला. ज्याच्यामुळे तो लिहावा लागला, त्याचे नाव वहीच्या बाहेर सुखरूप राही.

आमच्या वऱ्हाडात 'आईबाप अज्ञात' या शब्दांना आणखी एक अर्थ आहे. १८९६-९७ आणि त्यामागोमाग १८९९-१९०० या दोन दुष्काळांत हा प्रांत होरपळून निघाला. रस्त्याच्या कडेला, सरकारी खडीच्या कामावर, बाजाराच्या ओट्यावर सोडून दिलेली मुले मिशनांनी उचलली. त्या मुलांचे वय अंदाजाने लिहावे लागले आणि आईबापांच्या जागी लॅटिनमध्ये 'अज्ञात'. येथे तो शेरा लज्जेचा नव्हता, भुकेचा होता. मात्र वहीत दोन्ही अज्ञात सारखेच दिसतात, आणि पुढल्या काळात ते वाचणारा कोणता अर्थ घेईल हे त्याच्या मनाच्या स्वच्छतेवर अवलंबून राहते.

जन्माचे गुपित राखणे ही केवळ ख्रिस्तसभेची चिंता होती, असा समज कोणी करून घेऊ नये. आपल्या महाराष्ट्रातच त्याचा थोर दाखला आहे. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसवल्या गेलेल्या विधवेने तेथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी ती योजना होती. गुप्ततेचे आश्वासन नसते तर त्या दारात एकही स्त्री आली नसती. तिला विहीर तरी जवळ करावी लागली असती किंवा बाळाच्या गळ्यावर बोटे तरी. तेथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेच्या मुलास फुले दांपत्याने १८७४ साली दत्तक घेतले. तोच डॉक्टर यशवंत, जो पुढे प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करीत होता. १८७५ साली पंढरपुरास निघालेल्या अशाच गृहामागेही हाच विचार होता. यात्रेच्या गावी आणून सोडलेल्या विधवांचे हाल ज्यांनी वाचले आहेत, त्यांना अधिक सांगणे नको.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात ही गोष्ट आली आहे, तिच्याकडे आपण नाताळच्या घाईत पाहत नाही. मरिया गर्भवती असल्याचे योसेफाला कळले, तेव्हा देवदूत अद्याप त्याच्या स्वप्नात आलेला नव्हता. खरे काय ते त्याला ठाऊक नव्हते. तरीही तिची बेअब्रू होऊ नये म्हणून त्याने गाजावाजा न करता तिला सोडण्याचे मनात आणले, आणि शुभवर्तमानकार त्याला नीतिमान म्हणतो. विशेष असे की हाच अध्याय वंशावळीने सुरू होतो, आणि तिच्यात तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको यांचा उल्लेख आहे. म्हणजे काहीही लपवायचे नाही असे जिने ठरवले ती वंशावळ आणि एका स्त्रीचे गुपित राखू पाहणारा पुरुष, दोन्ही एकाच पानावर आहेत.

सध्या लागू असलेल्या १९८३च्या धर्मविधान संहितेत कलम ८७७ हे या परंपरेचे फळ होय. अविवाहित मातेच्या मुलाच्या नोंदीत आईचे नाव तेव्हाच घालायचे, जेव्हा तिचे मातृत्व उघडपणे ज्ञात असेल किंवा तिने स्वतः लेखी वा दोन साक्षीदारांसमोर तशी इच्छा सांगितली असेल. बापाचे नाव सरकारी कागदाने सिद्ध झाले असेल किंवा त्याने स्वतः धर्मगुरू व दोन साक्षीदारांपुढे कबूल केले असेल तरच. अन्यथा केवळ बाळाचे नाव. येथे वहीची मालकी कोणाकडे आहे ते पाहावे. सांगायचे की नाही हे आईने ठरवायचे. धर्मगुरूला त्यात उत्सुकतेचा अधिकार नाही.

आपल्या देशाच्या कायद्याला हा विचार मान्य व्हायला बराच काळ जावा लागला. दिल्लीतील एका अविवाहित मातेने आपल्या मुलाचे एकटीने पालकत्व मिळावे म्हणून अर्ज केला, तेव्हा तिला बापाचे नाव विचारण्यात आले. तिने ते सांगण्यास नकार दिला आणि खालच्या न्यायालयांनी अर्ज फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१५ रोजी निकाल दिला: बापाचे नाव सांगण्याची सक्ती हा तिच्या खासगीपणाच्या हक्काचा भंग आहे, आणि अशा मातेने केवळ प्रतिज्ञापत्र दिले तरी मुलाचा जन्मदाखला मिळाला पाहिजे. निकालपत्रावर त्या स्त्रीचे नाव नाही. तिच्या नावाच्या जागी इंग्रजी वर्णमालेतील पहिली तीन अक्षरे आहेत. ती ख्रिस्ती होती, एवढे मात्र त्यातून कळते. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, त्याच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट.

१९६९च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याचे सतरावे कलम वाचले तर अजून किती वाट चालायची आहे ते कळते. नियम पाळून कोणीही नोंदीचा शोध घ्यावा, उतारा मागावा, अशी त्याची रचना आहे. अपवाद एकच होता: मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचे कारण देऊ नये. मेलेल्याचा रोग झाकावा हे कायदेपंडितांना सुचले. जिवंत माणसाचा जन्म झाकण्याची गरज पडेल, हे मात्र त्यांना सुचले नाही.

आता आमच्या लोकांना रात्री झोप लागू देत नाही त्या विषयाकडे वळू. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती माणसाला नाहीत. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्या मिळाल्या. आमच्यासाठी दार बंद राहिले. त्यामुळे आमची स्नानसंस्काराची वही, जी आम्ही कृपेची नोंद म्हणून लिहितो, ती सरकारदरबारी काही कुटुंबांविरुद्धचा पुरावा ठरते. अमरावतीच्या जात पडताळणी समितीने एका शाळकरी मुलीचा महार जातीचा दावा नाकारला होता, कारण दक्षता पथकाला तिच्या घरात प्रभू येशूचे चित्र दिसले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२३मध्ये तो निर्णय रद्द केला. चित्र घरात असले म्हणून धर्मांतर झाले असे होत नाही, बाप्तिस्मा झाल्याचा पुरावा कोठे आहे, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा रोख होता. त्यानंतर वर्षाने, २६ नोव्हेंबर २०२४ रोजी, पुदुच्चेरीच्या एका स्त्रीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने तिच्या विरुद्ध निकाल दिला. तेथे तान्हेपणी झालेल्या बाप्तिस्म्याची नोंद पुराव्यात होती. दोन दाव्यांत इतरही भेद आहेत, हे मान्य. तरी एकीकडे चर्चच्या वहीत ओळ नव्हती आणि दुसरीकडे होती, हे सामान्य माणसाच्या नजरेतून सुटत नाही.

म्हणून कोणी आम्हांस विचारतात, "फादर, ती वही नसती तर?" या प्रश्नातील दुःख आम्ही जाणतो. पण उत्तर वही फाडण्यात नाही. संस्कार झाला तो झाला. खोटा दाखला आम्ही देणार नाही, आणि ज्याने स्वतःची नोंद मागितली त्याला ती नाकारणारही नाही. न्यायालयाचा लेखी हुकूम आला तर त्या एका व्यक्तीचा उतारा द्यावा लागेल. मात्र चौकशीला आलेल्याने अवघी वही चाळावी आणि कोणाच्या मुलांची नावे सापडतात ते पाहावे, याला आमची मान्यता नाही. संहितेचे कलम ५३५ सांगते की ही पुस्तके परक्यांच्या हाती पडणार नाहीत याची काळजी धर्मगुरूने घ्यावी. त्यात कारणही आहे. आमच्या वहीतील समासात दृढीकरण, विवाह, दत्तक, गुरुदीक्षा, मठव्रते अशा पुढल्या नोंदी होत राहतात. विवाह मुळातच अवैध ठरवला गेला तर तेही तेथे लिहिले जाते. एक पान म्हणजे कित्येकांच्या अर्ध्या आयुष्याचा गोषवारा असतो.

परंतु झाकलेली वही नेहमी दुबळ्याचे रक्षण करते, असे समजून आपण स्वतःला फसवू नये. आयर्लंडमधील ट्यूम गावी १९२५ ते १९६१ या काळात बॉन सेक्यूर संघाच्या धर्मभगिनी अविवाहित माता व त्यांच्या मुलांसाठी एक गृह चालवीत. कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक इतिहासाच्या अभ्यासक बाईंनी सरकारी मृत्युनोंदींतून तेथे मरण पावलेल्या ७९६ मुलांच्या नोंदी मिळवल्या, आणि दफनाच्या नोंदी मात्र जवळजवळ सापडेनात. ही गोष्ट २०१४ साली जगासमोर आली. जुलै २०२५मध्ये तेथे उत्खनन सुरू झाले. सरकारी नोंदवही कोणालाही पाहता येत होती, म्हणूनच हे सत्य निघाले. आमच्याच संस्थांनी जे पुरले होते ते उघडे दप्तर नसते तर पुरलेलेच राहिले असते, हे कॅथॉलिक धर्मगुरू म्हणून आम्हांस लिहावे लागते. त्याच देशाने २०२२ साली कायदा करून दत्तक गेलेल्यांना आपल्या जन्माची माहिती मिळण्याचा हक्क दिला. आपल्याकडील दत्तक नियमांतही मूळ शोधण्याचा हक्क आहे, पण तो दत्तक गेलेल्या व्यक्तीचा. तिच्या वतीने तिऱ्हाइताने शोध घ्यायचा नाही, आणि जन्मदात्या आईबापांच्या खासगीपणालाही त्यात स्थान आहे. आमच्या मते गाठ येथे सुटते. जन्माचे गुपित हे बाळाचे आणि आईचे. वही ज्याच्या कपाटात आहे त्या संस्थेचे ते कधीच नव्हते. आपली अब्रू सांभाळण्यासाठी संस्था जेव्हा दप्तराला कुलूप लावते, तेव्हा ती योसेफाचे अनुकरण करीत नसते.

वऱ्हाडात या विषयाला अलीकडे आणखी एक फाटा फुटला आहे. २०२३च्या दुरुस्तीने, जी १ ऑक्टोबर २०२३पासून लागू झाली, जन्ममृत्यूची देशव्यापी माहितीसाठवण सुरू झाली आणि आईबापांचे आधार क्रमांकही नोंदीशी जोडले जाऊ लागले. उशिरा केलेल्या नोंदींचे अधिकार महसुली अधिकाऱ्यांकडे आले. २०२५च्या आरंभी अकोला, अमरावतीसह काही जिल्ह्यांत अशा दाखल्यांविषयी तक्रारी झाल्या, शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि दाखले देणे काही काळ थांबवले. खोटे दाखले शोधणे हे सरकारचे कामच आहे. पण ज्याच्या आईने त्याला शेताच्या बांधावर जन्म दिला आणि नोंद कोणी केलीच नाही, असा माणूसही त्या अर्जदारांत असतो. त्याच्या अर्जाची छाननी कचेरीत होते की चव्हाट्यावर, याला महत्त्व आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले. कागदावरील वहीला तो लागू नाही. वहीचे पान संगणकात गेले की लागू होतो. शासनाच्या कामांना मात्र त्यात सवलती मोठ्या आहेत.

कायदा जे करील ते करील, पण स्कॅन करणाऱ्याच्या टेबलावर जाड कागदाची एक पट्टी ठेवली तर पुष्कळ काम होईल, असे आम्हांस वाटते. हवी ती ओळ उघडी ठेवून वरखालचा मजकूर झाकायचा, इतकेच. आम्ही दाखला देताना असेच करतो. "फादर, पानाचा फोटोच काढून घेतो ना जी, लवकर होईल," असे मोबाइल पुढे करून म्हणणारे रोज भेटतात. आम्ही वही मिटून दाखला हाताने लिहायला घेतो. वरच्या ओळीत कोण आहे, अशी सहज म्हणून चौकशी करणारेही असतात. त्यांना आम्ही चहा विचारतो.